अधिक अठरा टक्के: फ्युएल ट्रिमवरून इंजिनाचे निदान

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागलेला असतो, सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते आणि गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की पी ०१७१ हा कोड दिसतो. इंजिनातील मिश्रण 'लीन' आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत आहे, एवढेच हा कोड सांगतो. ते का कमी पडते, याबद्दल तो मौन पाळतो. तक्रार ऑक्सिजन सेन्सरमार्फत आली म्हणून पुष्कळदा तोच बदलला जातो, ग्राहक पैसे मोजतो आणि काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. सेन्सरने मात्र आपले काम चोख बजावलेले असते.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधण्यासाठी इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, आत येणाऱ्या हवेचा अंदाज घेतो आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर ज्वलनानंतर उरलेल्या प्राणवायूवरून हा अंदाज बरोबर होता की चूक, हे त्याला कळवतो. त्यानुसार ईसीयू मूळ हिशेबात जी टक्केवारीची दुरुस्ती करतो, तिलाच फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म ट्रिम क्षणोक्षणी बदलतो. तीच दुरुस्ती वारंवार करावी लागली, तर ती लॉंग टर्म ट्रिमच्या रूपाने स्मृतीत साठवली जाते. आकडा अधिक असेल तर ईसीयू पेट्रोल वाढवत आहे, उणे असेल तर कमी करत आहे. निदान करताना दोन्ही ट्रिमची बेरीज पाहावी. ती शून्याच्या अलीकडे-पलीकडे पाच टक्क्यांपर्यंत असेल तर चिंतेचे कारण नाही. दहाच्या पुढे गेली की शोध सुरू करावा.

हा शोध एका आकड्यावर होत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आधी आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, आणि मग २५०० आरपीएमवर बेरीज नोंदवावी, आणि या दोन आकड्यांतील फरक वाचावा. सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या जवळ एखादी रबरी व्हॅक्यूम नळी तडकली आहे आणि तिच्यातून दर सेकंदाला अर्धा ग्रॅम हवा मोजली न जाता चोरून आत शिरते, असे धरू. आयडलिंगला हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरमधून जेमतेम अडीच ग्रॅम हवा जात असेल, तर ही चोरटी हवा तिच्या वीस टक्के भरते आणि ट्रिमही जवळपास तेवढाच चढतो. २५०० आरपीएमवर दहा ग्रॅम हवा जाऊ लागली की तोच अर्धा ग्रॅम पाच टक्क्यांवर येतो. म्हणूनच आयडलिंगला अधिक अठरा आणि वेग वाढवताच अधिक चार, असे आकडे दिसले, तर पंप किंवा सेन्सरला हात लावण्याआधी नळ्या आणि गॅस्केट तपासावेत. संशयाच्या जागी कार्ब्युरेटर क्लीनरचा हलका फवारा मारला आणि शॉर्ट टर्म ट्रिम झपकन खाली आला, तर गळती तिथेच आहे. हा द्रव ज्वालाग्राही असतो. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो कदापि मारू नये.

उलट चित्र दिसले, म्हणजे आयडलिंगला आकडा ठीक आणि चढावर, भार पडताच तो वाढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे: पंप थकला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल. मळलेला एमएएफ सेन्सरही असेच चित्र दाखवतो, त्यामुळे पंप बदलण्यापूर्वी फ्युएल प्रेशर गेजने मोजणे हाच प्रामाणिक मार्ग होय. आकडा मोठा उणे असेल, तर गळका इंजेक्टर किंवा उघडाच राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) यांच्याकडे पाहावे.

काही सापळेही आहेत. आपल्याकडच्या अनेक लहान गाड्यांत एमएएफऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. त्यांत व्हॅक्यूम गळतीची हवाही दाबाच्या हिशेबात येते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही. आयडलिंगचा वेग मात्र चढतो. मिसफायर होत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण पेटतच नसेल, तर न वापरलेला प्राणवायू एक्झॉस्टमध्ये जातो आणि पेट्रोल पुरेसे असूनही सेन्सर 'लीन' सांगतो. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, सुमारे १३.५ पट, त्यामुळे जुन्या गाडीत ट्रिम सर्व वेगांवर सारखाच काही टक्के अधिक दिसला, तर तो बिघाड समजू नये. सीएनजी किट बसवलेल्या गाडीत पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळी नोंद घ्यावी. आकडा फक्त गॅसवरच बिघडत असेल, तर आधी किटचे ट्यूनिंग तपासावे.

नळी बदलल्यानंतर लगेच स्कॅनर पाहणाऱ्याला मात्र धक्का बसू शकतो. लॉंग टर्म ट्रिमच्या स्मृतीत जुने अधिक सोळा तसेच असतात आणि जादा पेट्रोल कापण्यासाठी शॉर्ट टर्म उणे पंधरापर्यंत जातो. गाडी आता 'रिच' झाली, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त झाले, असा समज करून घेऊन नवा भाग मागवण्याचे कारण नाही. स्कॅनरवरून जुनी स्मृती पुसावी, किंवा गाडी काही अंतर चालवून लॉंग टर्मचा आकडा खाली येऊ द्यावा आणि मग आयडलिंग व २५०० आरपीएम या दोन्ही नोंदी नव्याने घ्याव्यात.