बझर कुठे वाजला?

मंडळी, आपल्या शहर बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसला असाल तर एखादे वेळी बझर ऐकला असेल. पुढची गाडी फार जवळ आली, कुणी पायी आडवं आलं, की काचेवरचा कॅमेरा ते ओळखतो आणि बझर वाजवतो. सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' हा कृत्रिम बुद्धिमत्तेनं अपघात टाळण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्यातली ही यंत्रणा. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था असे बरेच जण त्यात होते.

ड्रायव्हर सावध होतो, हे चांगलंच. पण बझर नेमका कुठे वाजला याची नोंद राहते, ते मला जास्त मोलाचं वाटतं. महामार्गांचा सरकारी हिशेब बघा. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं गेली, की ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. म्हणजे आधी दहा घरांत रडारड, मग दुरुस्ती. बझर वारंवार वाजतो ती जागा माणूस जायच्या आधीच कळते. तिला 'ग्रे स्पॉट' म्हणतात. पट्टे मारायचे, आड येणारी फांदी छाटायची, एवढंच काम कित्येकदा असतं. कृत्रिम बुद्धिमत्ता शहराच्या कामी यावी ती अशी.

पण बस जात नाही तिथे बझरही वाजत नाही. वस्तीतल्या ज्या गल्लीत शाळा सुटताना ई-रिक्षा आणि पोरं एकमेकांत घुसतात, ती गल्ली यंत्राला माहीतच नाही. फाइल वाचणारा मात्र 'धोका नाही' असंच वाचतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. माझी बहीण डागा ले-आउटमध्ये राहते. अंथरूण ओलं लागलं तेव्हा तिला जाग आली. स्वयंपाकघरात फ्रिज आडवा तरंगत होता. भिंतीवर राहिलेली गाळाची रेघ तिनं अजून पुसू दिलेली नाही. तलावाची पातळी, पाऊस आणि उतार घेऊन पुराचा अंदाज देणारं मॉडेल आज बनवता येतं. पण पात्रात कुठे भर पडली, कोणत्या पुलाखाली गाळ साचला, हे त्याला कुणी सांगायचं? अंदाज खरा की खोटा हे ताडून बघायला अशा रेघाच लागतात.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. पुढे जवळपास चार वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. पोलिसांसाठी २०२४ मध्ये 'मार्व्हल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची सरकारी कंपनी उभी राहिली, तीही याच काळात. ऑगस्ट २०२५ मध्ये धडक देऊन पळालेला ट्रक पोलिसांनी तिच्या मदतीनं फुटेजवरून शोधून काढला. त्या कामाचा मला मनापासून आदर आहे. पण शहरभरच्या कॅमेऱ्यांचं फुटेज किती दिवस ठेवता, यंत्राची चूक निघाली तर दाद कुणाकडे मागायची, हे सभागृहात उभं राहून विचारणारा नगरसेवक तेव्हा नव्हता.

आता आहे. तुमच्या नगरसेवकाला एवढंच सांगा: दहाही झोन ऑफिसांत ग्रे स्पॉटची यादी मराठीत आणि हिंदीत लावा, आणि शेजारी लोकांसाठी एक वही ठेवा. माझ्या बहिणीनं टेप लावून रेघ मोजून ठेवली आहे. जमिनीपासून चार फूट दोन इंच. वहीत पहिली नोंद करायला ती येते म्हणाली आहे.