उतरण्याचा इतिहास

श्रोतेहो, संयोजकांनी मला दिलेला विषय ‘आद्य वैमानिक आणि अंतराळवीर’ असा आहे, आणि अशा व्याख्यानाची सुरुवात, राइट बंधूंनी जेथे पहिले विमान उडवले त्या किटी हॉकच्या वाळूपासून करण्याची रीत आहे. मी ती आपल्या नागपुरातल्या सोनेगावच्या धावपट्टीपासून करणार आहे.

१९४९ च्या जानेवारीत भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांचा त्यामागे आग्रह होता. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे, चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. नागपूरच का, हे नकाशा समोर धरला की विचारावे लागत नाही. चारही शहरे येथून हवाई मार्गाने साधारण ७०० ते १००० किलोमीटरच्या टप्प्यात आहेत, आणि ताशी २५० किलोमीटरच्या आसपास जाणाऱ्या डाकोटा विमानाला ते अंतर तीन-चार तासांत कापता येई. रात्रीचा आणखी एक फायदा नागपूरकरांना वेगळा सांगायला नको. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी हवा पंधरा अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. पंखांना आधार कमी मिळतो, त्यामुळे विमानाला चढायलाही आणि उतरायलाही जास्त वेग व जास्त धावपट्टी लागते.

माझे वडील टपाल खात्यात सॉर्टर होते आणि बरीच वर्षे त्यांची पाळी या रात्रीच्या टपालावर असे. सकाळी ते घरी येत तेव्हा त्यांच्या हातांना लाखेचा आणि तागाच्या थैल्यांचा वास येई. आमचे घर वर्धा रोडच्या बाजूला असल्यामुळे विमानांचा आवाज स्पष्ट ऐकू येत असे. आई अंथरुणात पडल्या पडल्या मोजत असे, ‘एक आलं… दोन आली.’ चौथे उतरले की ती कूस बदलत असे. पण झोपत नसे, कारण पुढे चारही परत जाईपर्यंत तिची मोजणी चालायची. लहानपणी मला हा तिचा खेळ वाटे. पुढे कळले की ही सवय तिला १२ डिसेंबर १९५३ पासून लागली होती. त्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेले विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळले आणि त्यात तेरा जणांचा मृत्यू झाला. कामगार चळवळीतले नेते हरिहरनाथ शास्त्री हे त्या विमानात होते. मी तेव्हा तान्हा होतो.

आईच्या त्या मोजणीमुळे असेल, पण उड्डाणाचा इतिहास मी वाचू लागलो तेव्हा माझे लक्ष नेहमी शेवटच्या परिच्छेदाकडे जाई. कोण किती उंच गेला हे पुस्तके ठळक टाइपात सांगतात; तो खाली कसा आला हे बहुधा एका ओळीत आटोपतात. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की या आद्य मंडळींची खरी परीक्षा उतरताना झाली, आणि ज्यांनी उतरण्याचा विचार चढण्याच्या आधी केला त्यांच्या हातून हे शास्त्र पुढे सरकले.

जर्मनीच्या ओटो लिलिएनथाल यांचे उदाहरण घ्या. टेकडीवरून धावत येऊन पंखांवर तरंगण्याचे सुमारे दोन हजार प्रयोग त्यांनी केले, म्हणजे ते दोन हजार वेळा सुखरूप उतरले. तोल सांभाळण्याचा त्यांच्याकडे एकच उपाय होता, शरीर इकडेतिकडे झुकवणे. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोतात तो उपाय अपुरा पडला, ते सुमारे पंधरा मीटर उंचीवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. ही बातमी अमेरिकेत डेटन गावी सायकलींचे दुकान चालवणाऱ्या दोन भावांनी वाचली. त्या काळी बहुतेकांना प्रश्न इंजिनाचा वाटत होता. राइट बंधूंना तो तोलाचा वाटला, आणि सायकलवाल्याला तो तसा वाटणे साहजिकही होते. सायकल चालवायला शिकणे म्हणजे न पडायला शिकणे. त्यांनी इंजिन सर्वांत शेवटी बसवले. त्याआधी सलग तीन वर्षे ते ग्लायडर घेऊन किटी हॉकला जात राहिले. १९०२ साली तर त्यांनी शेकडो वेळा वाळूच्या टेकडीवरून झेप घेतली आणि शेकडो वेळा वाळूत उतरले.

१४ डिसेंबर १९०३ रोजी नाणे उडवून पहिली पाळी विल्बर यांना मिळाली. त्यांनी यंत्राचे नाक जरा जास्तच वर उचलले, यंत्र अडखळले आणि साडेतीन सेकंदांत वाळूत रुतले. दुरुस्तीला तीन दिवस गेले, म्हणून इतिहासात १७ डिसेंबर ही तारीख आणि ऑर्व्हिल यांचे नाव आले. त्या दिवशीच्या पहिल्या उड्डाणाचे बारा सेकंद आणि १२० फूट शाळेतल्या मुलालाही पाठ असतात. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे होते. ते उतरताना पुढचा भाग मोडला, मग वाऱ्याने उभे यंत्र उलथवले आणि ते पुन्हा कधीच उडाले नाही.

येथे कोणी तरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढणार, म्हणून मीच काढतो. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान उडवले, ही कथा मराठी माणसाला प्रिय आहे आणि मलाही ती खरी निघाली असती तर आनंद झाला असता. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा हाती आलेला नाही, आणि ज्या कथित प्राचीन विमानविद्येशी ही कथा जोडली जाते तिची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली तपासणी केली तेव्हा त्यातली वर्णने उडू शकणाऱ्या यंत्राची नाहीत असा निष्कर्ष निघाला. तळपदे यांच्या जिज्ञासेबद्दल मला आदर आहे, पण जिज्ञासेला उड्डाण म्हणता येत नाही.

टपालाकडे परत येऊ, कारण उतरण्याची शिस्त वैमानिकांना टपालाने लावली. जगातले पहिले अधिकृत हवाई टपाल आपल्याच देशात गेले. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुना ओलांडली आणि तो सुमारे दहा किलोमीटरवरच्या नैनीला उतरला. प्रवास तेरा मिनिटांचा होता. तो एक सोहळा होता. रोजचे काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाले. त्या सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीहून पुस मॉथ या एक इंजिनी विमानात सुमारे पंचवीस किलो टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांचा होता. रेडिओ नव्हता आणि जुहूला पक्की धावपट्टीही नव्हती; पावसाळ्यात त्या मैदानाचा चिखल होई, म्हणून सेवा तेवढ्यापुरती पुण्याला हलवावी लागे. सोहळ्यात एकदा उतरले की काम झाले. टपालाच्या वैमानिकाला मात्र उद्याही त्याच जागी, त्याच वेळी उतरायचे असते. पन्नास वर्षांनी, १९८२ सालच्या त्याच तारखेला, टाटांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कराची-मुंबई हे उड्डाण पुन्हा एकट्याने केले. चार्ल्स लिंडबर्ग हेही मूळचे टपालाचेच वैमानिक. १९२७ च्या मे महिन्यात साडेतेहतीस तासांचे अटलांटिक उड्डाण करून ते रात्री पॅरिसला पोहोचले तेव्हा विमानाच्या पुढच्या भागात इंधनाची टाकी असल्यामुळे त्यांना समोरचे सरळ दिसतच नव्हते. झोपेविना दोन दिवस काढलेल्या माणसाने अंधारात, कडेच्या खिडकीतून बघत, अनोळखी मैदानावर विमान टेकवले. मला त्या उड्डाणातला सर्वांत अवघड भाग हाच वाटतो. अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्ट यांच्या वाट्याला असे उतरणे आले नाही. २ जुलै १९३७ रोजी त्या आणि त्यांचे दिशादर्शक फ्रेड नूनन पॅसिफिकमधले दोन-अडीच किलोमीटर लांबीचे हाउलंड बेट शोधत होते, आणि ते त्यांना सापडले नाही.

आता अंतराळाकडे वळू. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातली शेवटची तीस मिनिटे फारशी कोणी सांगत नाही. परतीसाठी वेग कमी करणारे इंजिन आफ्रिकेवर असताना पेटले, पण ते विझल्यावर मागचा यंत्रभाग सुटायला हवा होता तो पूर्ण सुटला नाही. तारांचा एक जुडगा अडकून राहिला. दोन्ही भाग एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत सुमारे दहा मिनिटे गरागरा फिरत राहिले, आणि शेवटी वातावरणाच्या उष्णतेने त्या तारा जळाल्या तेव्हा यानाचा गोल मोकळा झाला. पुढची गोष्ट त्याहून मजेशीर आहे. गागारिन यांच्या व्होस्टोक यानाचा गोल पॅराशूट लावूनही जमिनीवर इतक्या जोरात आदळे की आत माणूस ठेवणे धोक्याचे होते, म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर गागारिन आसनासकट बाहेर फेकले गेले आणि स्वतःच्या पॅराशूटने व्होल्गेजवळच्या स्मेलोव्का गावाच्या शेतात उतरले. तेथे आन्ना ताख्तारोवा ही बाई नातीबरोबर बटाटे लावत होती. नारिंगी पोशाख आणि पांढरे शिरस्त्राण घातलेला माणूस आकाशातून येताना बघून त्या दोघी मागे सरकू लागल्या, तेव्हा आपण सोव्हिएत माणूस आहोत असे गागारिन यांना ओरडून सांगावे लागले.

परंतु विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम होता की वैमानिकाने यानातच उतरले पाहिजे. म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी गागारिन यानातूनच उतरल्याचे सांगितले आणि सत्य कित्येक वर्षे दडवून ठेवले. माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला याची फुशारकी आणि तो कसा उतरला याची लपवाछपवी, दोन्ही एकाच दिवशी सुरू झाली.

अलेक्सेई लिओनोव्ह यांचे नाव अंतराळात पहिल्यांदा यानाबाहेर पडणारा माणूस म्हणून घेतले जाते. १८ मार्च १९६५ च्या त्या बारा मिनिटांत त्यांचा पोशाख फुगला आणि दारातून आत शिरण्यासाठी त्यांना त्यातली हवा सोडावी लागली. दुसऱ्या दिवशी स्वयंचलित यंत्रणा बिघडल्यामुळे त्यांना आणि पावेल बेलियायेव्ह यांना हाताने यान उतरवावे लागले, ते ठरल्या जागेपासून कित्येक शे किलोमीटर दूर उरल भागातल्या बर्फाळ जंगलात आले आणि दोघांनी तेथे दोन रात्री काढल्या. नील आर्मस्ट्राँग यांच्याबद्दल एकच सांगतो. २० जुलै १९६९ रोजी संगणकाने निवडलेली जागा मोठ्या दगडांनी भरलेली निघाली, तेव्हा त्यांनी सुकाणू हाती घेऊन यान पुढे नेले आणि ते टेकवले तेव्हा उतरण्यासाठीचे इंधन मिनिटभरही पुरले नसते. पाऊल ठेवतानाचे त्यांचे वाक्य जगाला पाठ आहे. मला विचाराल तर पराक्रम त्याआधीच्या त्या दोन-तीन मिनिटांतला.

कल्पना चावला यांच्याविषयी बोलणे जड जाते. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान वर जात असताना बाह्य टाकीवरच्या फेसाचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला आणि तेथे भोक पडले. कक्षेतल्या सोळा दिवसांत त्या भोकाने काहीच बिघडवले नाही. १ फेब्रुवारीला परतताना तप्त वायू त्यातून पंखात शिरला आणि धावपट्टीपासून सोळा मिनिटांच्या अंतरावर सातही जण गेले.

राकेश शर्मा यांनी १९८४ च्या एप्रिलमध्ये इंदिरा गांधींना दिलेले उत्तर आपण सगळे अजून उद्धृत करतो, पण ते ज्या सोयुझ टी-११ यानातून गेले त्यातून परतले नाहीत, हे थोड्यांना माहीत असते. ११ एप्रिल रोजी ते अंतराळ स्थानकाला आधीपासून जोडलेल्या सोयुझ टी-१० मधून कझाकस्तानच्या माळरानावर उतरले. सोयुझ एका मोठ्या पॅराशूटखाली येते आणि जमीन मीटरभरावर आली की खालची छोटी इंजिने क्षणभर पेटून धक्का शोषतात. त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, १५ जुलै २०२५ रोजी, वायुसेनेचेच चाचणी वैमानिक असलेले शुभांशु शुक्ला अमेरिकी यानातून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले.

आपले गगनयानही समुद्रातच उतरणार आहे, आणि या कामात इस्रोने लावलेला क्रम मला पटतो. माणूस वर पाठवण्याची तारीख ठरण्याच्या कितीतरी आधी, २००७ च्या जानेवारीत, इस्रोने एक छोटी कुपी बारा दिवस कक्षेत ठेवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली होती. पॅराशूट आग्ऱ्याच्या संरक्षण प्रयोगशाळेत तयार झाली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून एक यान मुद्दाम अर्ध्या वाटेत सोडवून, उड्डाण फसले तर माणसांना कसे वाचवायचे, याची चाचणी झाली. पॅराशूट उघडली, कुपी ठरल्याप्रमाणे समुद्रात पडली आणि नौदलाचे पाणबुडे तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हा ती पाण्यावर उलटी तरंगत होती. आत कोणी नव्हते. माणसे जाणार असलेल्या कुपीला ती पाण्यात पडल्यावर सरळ करणारी फुग्यांची यंत्रणा बसवण्याचे काम त्यानंतर हाती घेतले गेले.