पोटावरचा टाका, पिशवीवरचा टाका

(दृश्य: सोलापूरजवळचं कुंभारी, विडी घरकुल ही विडी कामगारांची वसाहत. दुपार. दारातल्या उजेडात बसलेली एक बाई.)

विड्या वळायचं सूप मांडीवर टेकतं, तिथंच जरा वर तिचा टाका आहे. पहिलं बाळ सिझरनं झालं. आता पुन्हा पाचवा महिना लागलाय आणि शेजारणींनी तेलुगू-मराठीत मिळून निकालही लावलाय, ‘‘एकदा सिझर झालं की दरवेळी सिझरच की गं!’’

हे बोलणं मूळचं सोलापूरचं नव्हे. १९१६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी ते लिहून ठेवलं. तेव्हा छेद घेत तो उभा, गर्भपिशवीच्या वरच्या जाड भागावर. कळांचा जोर येतो तो तिथूनच. त्यामुळे पुढच्या खेपेला जुना टाका उसवण्याची भीती खरी होती. नंतर ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या, पातळ भागावरचा आडवा छेद रूढ केला. छेद बदलला, म्हण तेवढी राहिली.

असा एक आडवा छेद असताना नॉर्मलचा प्रयत्न केला, तर पिशवी उसवते ती साधारण २०० जणींत एकीची. चौघींतल्या जवळपास तिघी नॉर्मल बाळंत होतात. पण ती एक वेळ आलीच, तर हातात मिनिटंच असतात. म्हणून हा प्रयत्न ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार असलेल्या दवाखान्यातच करायचा.

(दृश्य: यंत्रमागाशेजारी घड्या घातलेल्या चादरी.)

घडीच्या वरच्या पदरावरून आतला पदर कळत नाही. पोटाचंही तसंच. कातडीवर आडवी रेघ असली, तरी आत पिशवीवर उभा छेद असू शकतो. अपेंडिक्सचा टाका पिशवीच्या वाटेला जात नाही. केवळ त्यासाठी सिझर लागत नाही. उलट, गर्भपिशवीची गाठ काढलेली बाई ‘‘माझं सिझर झालेलं नाही’’ असं खरंच सांगते, आणि व्रण मात्र पिशवीवरच असतो. ही गोष्ट सांगायची राहून जाते, ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

आणखी एक, वारेचं, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटाचं. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असेल, तर ती जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता दुसऱ्या सिझरच्या वेळी ११ टक्के, तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के. म्हणून सोनोग्राफीत वार कुठं आहे, हे आवर्जून विचारायचं.

(दृश्य: लोखंडी कपाट उघडतं.)

बँकेचं पासबुक, विडी कार्ड, आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी पडलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर डॉक्टरांच्या हातची चार अक्षरं: एलएससीएस. म्हणजे छेद पिशवीच्या खालच्या भागावर. इतकी वर्षं ते कार्ड घरातच होतं. ती अक्षरं तिला कुणी वाचून दाखवली नव्हती.

कार्ड उद्याच्या तपासणीच्या पिशवीत जातं. सूप पुन्हा मांडीवर. आजच्या हजारातल्या तीनशे विड्या अजून वळायच्या आहेत.