केसाएवढी रेघ

दौलताबादहून खुलताबादकडे निघालं की वाटेत कागजीपुरा लागतो. हातकागदाचं गाव. इथल्या कागदाची परंपरा थेट मुहम्मद तुघलकाच्या काळापर्यंत नेऊन सांगितली जाते. चिंध्यांचा लगदा चाळणीवर उचलायचा, वाळवायचा आणि लिहिण्यासाठी हवा असेल तर गुळगुळीत दगडाने घोटायचा. असा घोटीव कागद बोटाला काचेसारखा लागतो. बोरूची बारीक रेघ त्यावर फुटत नाही.

छपाईच्या अक्षरांतलं एक देखणं घराणं कागदाच्या याच गुणावर उभं राहिलं.

इंग्लंडमध्ये जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ साली प्राचीन रोमन कवी व्हर्जिलची काव्यं छापली. कागद तापवून, दाबून ते तो तुळतुळीत करत. शाईही गडद वापरत. बारीक रेघ आता छपाईत टिकू लागली. पुढे पॅरिसमध्ये फिरमँ दिदो आणि इटलीतल्या पार्मा शहरात जाम्बात्तिस्ता बोदोनी यांनी ही वाट टोकापर्यंत नेली. उभी रेघ जाड, आडवी केसाएवढी, आणि अक्षराच्या टोकाची आडवी पट्टी, म्हणजे सेरिफ, तीही तितकीच नाजूक. बोदोनींच्या टाइपांचा नमुनाग्रंथ त्यांच्या पत्नीने त्यांच्या मागे, १८१८ साली प्रसिद्ध केला. ‘व्होग’ मासिकाच्या मुखपृष्ठावरचं नाव आजही याच वळणात छापलं जातं.

आपल्याकडे हे वळण भेटतं ते लग्नपत्रिकेवर. जालना असो, परभणी असो की लातूर, डीटीपीच्या दुकानात वधूवरांची इंग्रजी आद्याक्षरं मोठी करून याच फॉन्टमध्ये बसवलेली दिसतात. आणि शोभतात! मोठ्या आकारात जाड-बारीकचा तो खेळ खरोखर राजस दिसतो. भोवती मोकळी जागा ठेवा, दुसरी नक्षी लागतच नाही.

पण तोच फॉन्ट मुहूर्ताच्या वेळेला, मंगल कार्यालयाच्या पत्त्याला लावला की घात होतो. लहान आकारात आडव्या रेघा विरून जातात आणि नुसते उभे खांब उरतात. मरून रंगावर पांढरी अक्षरं काढली तर शाई चहूबाजूंनी पसरते आणि बारीक रेघ बुजते. सोनेरी फॉइलमध्ये ती तुटते. हौसेने खडबडीत हातकागद निवडला तर तिथेही तेच. जुने टाइप कापणारे कारागीर हे ओळखून होते. लहान आकाराचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ते वेगळे कापत, त्यांत बारीक रेघ जरा जाड ठेवत.

देवनागरीत या जातीचा ‘रोझा वन’ आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा, मोफत मिळणारा. त्यात मथळा करावा, दिवाळी अंकाचं नाव करावं. मात्र शिरोरेघ, मात्रा, रफार, जोडाक्षरं एवढा पसारा आपल्या लिपीत असताना त्यात सबंध परिच्छेद लावू नये. वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून पत्रिका करताना नावं या फॉन्टमध्ये घ्या, बाकी मजकूर साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरांत. आणि पहिला प्रूफ पडद्यावर नको. ज्या कागदावर पत्रिका छापायची, त्याच कागदावर काढून मागा.