तुनी गाडी रडी राह्यनी

माझ्या गाडीच्या पुढच्या शॉकअपचा हा पाईप बघा, जरा जवळून. क्रोमवर तेलाची रिंग, तिला चिकटलेली काळी माती, आणि एक ओघळ बॉटम केसवरून (पाईप ज्यात आत-बाहेर होतो ती खालची नळी) पार ब्रेकच्या कॅलिपरपर्यंत गेलाय. मला हे दोन दिवस दिसलंच नव्हतं, समोरच्या आबांना ओट्यावरून दिसलं. "भाऊ, तुनी गाडी रडी राह्यनी!"

आमचं गाव चोपड्याकडचं. वर सातपुडा, खाली तापी, मधे केळी नि कापूस. पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती मडगार्डात पिठल्यासारखी भरते आणि वाळली की छिन्नीनेच निघते. माझ्या हीरो एक्सपल्स 200 च्या पुढच्या शॉकअपला 190 मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे मोठ्या खड्ड्यात पाईप जवळपास वीतभर आत जातो, आणि बाहेर असताना त्याला जे काही चिकटलं असेल ते घेऊनच जातो. त्यासाठीच कंपनी पाईपवर रबरी बूट देते, ते मीच काढून टाकले होते, का तर चकचकीत पाईप फोटोत भारी दिसतो. असो, चूक माझी.

आधी फुकटातला उपाय. वरचं, धूळ अडवणारं डस्ट सील हळूच उचकटून पाईपवर सरकवायचं, मग आईच्या गुडघ्याच्या जुन्या एक्सरेची बोटभर रुंद पट्टी कापून ती पाईप आणि त्याखालच्या, तेल आत अडवणाऱ्या ऑइल सीलच्या मधे घालायची आणि गोल फिरवत बाहेर काढायची. सीलच्या ओठाखाली कण अडकला असेल तर तो पट्टीसोबत येतो आणि गळतीही थांबते, नवीन सीलचा खर्च वाचतो. माझी थांबली नाही.

मग इंजिनखाली केळीचे दोन क्रेट, पुढचं चाक काढलं, कॅलिपर तारेने बांधून ठेवला (ब्रेकच्या पाईपवर लटकवत ठेवू नका राव).

आता क्रम नीट ऐका, कारण मागच्या वेळी माझी अर्धी दुपार इथेच गेली. वरच्या टीचा (हँडलखाली दोन्ही शॉकअप पकडणारी पट्टी, अशीच एक खाली असते) बोल्ट सैल करायचा, मग शॉकअप अजून खालच्या टीमधे पकडलेला असतानाच वरची कॅप थोडी ढिली करून ठेवायची, आणि तळातला एलन बोल्ट स्प्रिंग आत असतानाच ढिला करायचा. तो बोल्ट आतल्या डॅम्पर रॉडमधे बसतो आणि रॉडला दाबून धरते ती स्प्रिंग. मी आधी स्प्रिंग काढून बसलो, मग काय, बोल्टसोबत रॉड पण गोल गोल फिरतोय, शेवटी गॅरेजवाल्याच्या एअर गनने दोन सेकंदात निघाला आणि तो हसला ते वेगळंच. कॅप पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग आहे.

ऑइल निघालं ते राखाडी, वास असा की बोलायची सोय नाही.

सीलला जागेवर धरणारी लॉकची तार काढून जुनं सील उचकटताना खाली कापड घ्या, केसला ओरखडा पडला तर नवीन सील पण गळणार. पण खरं काम इथून पुढे आहे. पाईप पुसा, उन्हात धरा आणि अंगठ्याचं नख वरून खाली फिरवा. सावकाश. हे बघा, इथे नख अडलं. टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा, दगड लागलेला, कडेला तांबूस गंज. मागच्या वेळी मी हे तपासलंच नव्हतं, नवीन सील टाकलं आणि महिन्याभरात परत तेच, दोष मात्र सीलला दिला. बारीक वर आलेली कड असेल तर हजारच्या वरचा पॉलिश पेपर ऑइलमधे भिजवून हलक्या हाताने घासून बसते. खड्डा खोल असेल आणि सीलच्या येण्याजाण्याच्या जागेत असेल तर पाईपच बदलायचा, दुसरा इलाज नाही.

नवीन सील घालताना पाईपच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चढवा, तिला ऑइल लावा, नाहीतर ओठ कडेला कापतो. आकडे लिहिलेली बाजू वर. ठोकायला जुनं सील वर ठेवलं आणि त्यावर पीव्हीसी पाईपचा तुकडा, सगळीकडून सारखं जायला पाहिजे, लॉकची खाच पूर्ण दिसेपर्यंत. खालच्या बोल्टला तांब्याचं नवीन वॉशर. ऑइल मॅन्युअलमधे दिलंय तेवढंच, दोन्हीकडे सारखं, आणि पाईप दहा-बारा वेळा वरखाली करून हवा काढून मगच लेव्हल बघायची.

चाक लावून ॲक्सल शेवटचा आवळायच्या आधी ब्रेक धरून पुढून चार-पाच वेळा दाबा, शॉकअपचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतात. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली. पॅड ऑइल प्यायले होते, ते सरळ फेकले, त्यात काटकसर नको. आणि बूट परत चढवले, फोटो गेले खड्ड्यात.

ते राखाडी ऑइल बाटलीत भरून ठेवलं होतं, संध्याकाळी आबा घेऊन गेले, गोठ्याच्या दाराच्या बिजागऱ्या करकरताहेत म्हणून.