मामांच्या पुड्या

नमस्कार श्रोतेहो. निफाडचा पारा उतरला, की नाशकात घरोघरी खोकल्याची उबळ ऐकू येते आणि मला हमखास विचारणा होते, "झिंक चालू करू का? डी जीवनसत्त्व घेऊ का?" तेव्हा मला माझे मामा आठवतात.

मामा निफाडचे द्राक्षबागाईतदार. 2021 साली, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, कुणीतरी त्यांना सांगितलं, डी वाढवा म्हणजे विषाणू जवळ फिरकत नाही. मामांनी 60,000 युनिटच्या पुड्या आणल्या. ही पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची. पुन्हा सांगते, आठवड्यातून एकदा. मामा रोज रात्री दुधातून घेत होते. दिवाळीला गेले तर माणूस निम्मा झालेला. सारखी तहान, पोट साफ नाही, ताट पाहिलं की मळमळ. मामी म्हणाली, "रात्रीतून पाच वेळा उठतात गं." फडताळ उघडलं, तर रिकाम्या पाकिटांची चळत, रबर लावून नीट ठेवलेली. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं आणि सावरायला महिने गेले, कारण डी चरबीत साठून राहतं. मामा म्हणाले, "बागेत औषधाचं माप चुकलं तर पान करपतं, हे मला कळतं. स्वतःच्या बाबतीत कसं विसरलो?"

तर श्रोतेहो, कमतरता असेल तर ती भरून काढायची. गोवर झालेल्या वर्षावरच्या मुलाला अ जीवनसत्त्वाचे 2 लाख युनिटचे डोस लागोपाठ दोन दिवस देतात, तेही डॉक्टरच. 2017 साली डी वरच्या 25 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा श्वसनाच्या संसर्गापासून जास्त बचाव दिसला तो मुळात डी फार कमी असलेल्यांचा, आणि रोज किंवा आठवड्याला बेतानं घेणाऱ्यांचा. एकदम मोठे डोस घेणाऱ्यांना तो लाभ दिसला नाही. आणि भर तापात झिंक तपासू नका. ताप आला की शरीरच ते रक्तातून यकृताकडे वळवतं. आकडा कमी दिसणारच.

उन्हातून मिळणाऱ्या डीचं म्हणाल, तर पंचवटीतल्या वाड्यांची अंगणं गेली, निदान सोसायट्यांनी गच्चीला कुलूप लावू नये. माणसांनी उन्हात बसायचं कुठे?

घरात नागलीची भाकरी होऊ द्या, मोड आलेली मटकी होऊ द्या. आणि शेवग्याचा पाला फोडणीला टाकताना तेलात फार हात आखडू नका. त्यातलं अ जीवनसत्त्व तेलाशिवाय अंगी लागत नाही.