मिक्सच्या पिशवीत नक्की काय असतं?

ही मिक्स कचऱ्याची पिशवी बघा, म्हणजे वेगळ्या डब्यात न जाता उरलेला सगळा कचरा एकत्र. तोंड गच्च बांधलेलं, आत काय आहे ते बाहेरून कळायला मार्ग नाही, गाडीत पडली की पुन्हा कोणी तिच्याकडे बघतही नाही. पण कचऱ्याचा अभ्यास करणारे लोक अशाच पिशव्या आणतात, टेबलावर ओततात, ग्लोव्ह्ज घालून एकेक वस्तू वेगळी करतात आणि प्रत्येक ढिगाचं वजन करतात. काम घाण आहे, वेळखाऊ आहे, पण वर्गीकरणाचा नियम खरंच चालतोय का हे इथेच कळतं, कारण लोकांना नुसतं विचारलं तर बरेच जण म्हणतात की आम्ही सगळं वेगळंच टाकतो.

टेबलावर हात घातला की पहिली लागते ती ओल. जिथे ओल्या कचऱ्याला वेगळा डबाच नाही तिथे सालं, देठं, उरलेलं अन्न सगळं मिक्समध्येच येतं आणि वजनाला तेच भारी भरतं, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. आणि हा कागद बघा, कोरडा राहिला असता तर रिसायकलला गेला असता, आता अन्नाचं पाणी पिऊन त्याचा लगदा झालाय आणि पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून बसलाय. पुढे हेच सगळं जमिनीत पुरलं की हवा नसल्यामुळे ते कुजताना मिथेन तयार होतो.

म्हणून बऱ्याच ठिकाणी आधी ओल्या कचऱ्यालाच हात घातला गेला. दक्षिण कोरियाने 2005 मध्ये अन्नाचा कचरा थेट जमिनीत पुरायला बंदी केली, 2013 पासून जेवढा कचरा तेवढे पैसे ही पद्धत देशभर आणली. युरोपियन युनियनने सदस्य देशांना 2023 संपेपर्यंतची मुदत दिली, जैविक कचरा एकतर वेगळा गोळा करा नाहीतर जागच्या जागी जिरवा.

आता इथे आकडे वाचताना जरा सांभाळून. समजा 10 किलो मिक्स कचऱ्यात 4 किलो ओला आहे आणि 1 किलो प्लास्टिक, म्हणजे प्लास्टिक 10 टक्के. नवीन डबा आला, 3 किलो ओला तिकडे गेला, मिक्स राहिला 7 किलो. प्लास्टिक तेवढंच, 1 किलोच, पण टक्का झाला 14. लगेच कोणीतरी म्हणणार की बघा, लोक प्लास्टिक जास्त टाकायला लागले! अहो नाही, बाकीचं कमी झालंय. म्हणून टक्क्यांच्या शेजारी किलोपण लिहायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं.

ओला निघाला की पिशवीत उरतात डायपर, सॅनिटरी पॅड, फुटलेली कपबशी, झाडलेली धूळ आणि ती चकचकीत पाकिटं, ज्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. यातल्या बहुतेक गोष्टींना दुसरा डबाच नसतो, मग माणसाने टाकायच्या कुठे?

नियमाने काय होतं हे स्वीडनमध्ये अगदी स्पष्ट दिसलं. 1 जानेवारी 2025 पासून तिथे कापड वेगळं द्यायचं ठरलं. लोकांनी नियम पाळला, फाटके मोजे, डाग पडलेल्या चादरी सगळं तिकडे नेऊन दिलं, आणि ज्यांचा पुन्हा वापरच होणार नाही अशा कपड्यांचे ढीग लागले. शेवटी त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून फाटकं-मळकं कापड परत मिक्समध्ये टाकायची मुभा द्यावी लागली. लोक तेच, मोजे तेच, नियम बदलला तसा डबा बदलला.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. या ढिगात एक खेळणं सापडलंय, आत लिथियमची बॅटरी अजून तशीच. बॅटरी मिक्समध्ये टाकू नका हा नियम तसा बऱ्याच लोकांना माहीत असतो हो, पण ती द्यायची जागा लांब असते, आणि खेळण्यात बॅटरी आहे हे कितीदा लक्षातच येत नाही. गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली जाते, आतल्या आत शॉर्ट होते आणि गाडीला आग लागू शकते, चालवणारा माणूस पुढे बसलेला असतो. बॅटरी द्यायची सोय रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर करा, नियम कितीही कडक केला तरी त्याशिवाय ती इथेच येत राहणार.

टेबलावरच्या माणसाने खेळण्याचं झाकण उघडलंय, बॅटरी काढून घेतलीय. तिचं वजन वेगळं लिहिलं जाईल, ग्रॅममध्ये.